एकट्या पिंजऱ्यांचं कॅल्शियम

विभागात तिला सगळे यकृतबाई म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, आणि तिथेच सुखरूप होतं. तीन वर्षं ती पांढऱ्या उंदरांच्या यकृतातून मायटोकाँड्रिया वेगळी काढत होती. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या या इवल्या कोठ्या कॅल्शियमही साठवतात, आणि अंगात अ‍ॅड्रिनॅलिन वाढलं की जास्त साठवतात, हे तिला सिद्ध करायचं होतं. झालंही होतं. दहा दिवस ते हार्मोन टोचलेल्या उंदरांच्या कोठ्या, नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्या उंदरांपेक्षा जवळजवळ दुप्पट कॅल्शियम धरायच्या. बारा दिवसांनी, सोमवारी, लेख पाठवायचा होता आणि पदवीचं सगळं त्याच्यावरच होतं.

अशात उंदीरखान्याच्या मामांनी पिंजरे धुता धुता विचारलं, "ताई, औषधवाले एकेकटे आणि पाणीवाले चौघं चौघं, असं का हो?"

"औषधवाले इतरांत मिसळायला नकोत, मामा."

"तसं होय! मला वाटलं, त्यांनी काही गुन्हा केलाय."

ती हसली, पण प्रश्न डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी तिने पाणीवाले सहा उंदीरही एकेकटे ठेवले, आणि दहा दिवस पाणी टोचलं.

अकरावा दिवस रविवार. इमारतीत चिटपाखरू नव्हतं. रविवारी यंत्रं मोकळी मिळतात, असं ती सगळ्यांना सांगायची. खरं म्हणजे रविवार घरी काढणं तिला सोसत नसे. तिने यकृतं बर्फात कुटली, यंत्रात गरगर फिरवली, नळीच्या तळाशी बसलेला तपकिरी गाळ उचलला. मग कॅल्शियमचा एकेक थेंब सोडत पडद्यावरची रेघ बघत बसली. कोठ्या भरल्या की घेतलेलं सगळं एकदम ओकून टाकतात आणि रेघ उसळते. पाणीवाल्यांची रेघ सहाव्या थेंबाला उसळायला हवी होती. सहावा गेला, आठवा गेला, दहावा गेला. ती उसळली बाराव्याला, अगदी औषधवाल्यांसारखी. सहाच्या सहा उंदरांचं तेच.

म्हणजे तिच्या सुईने काही केलंच नव्हतं. एकटा पडलेला उंदीर घाबरून स्वतःच्याच अंगात हार्मोन सोडत होता, आणि ती तीन वर्षं तेच मोजत होती. मुसळ केरात! शिकल्यासवरल्या बाईच्या हे लक्षात येऊ नये? नाही येत. जी स्वतः रोज एकटी जेवते, तिला कुणाला एकटं ठेवणं म्हणजे त्याला काही केलं असं वाटतच नाही.

आजच्या आकड्यांचा कागद फाडून टाकला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. मामा काही आकडे मागणार नव्हते. ती तो कागद हातात धरून बराच वेळ बसली. मग स्वतःचाच राग आला, आणि तिने आपल्या मार्गदर्शक सरांना फोन लावला.

"सर, लेख पाठवू नका." तिने सगळं सांगितलं. पिंजरे, दहा दिवस, बारावा थेंब. आवाज एकदाही कापला नाही.

"तीन वर्षं गेली गं," सर म्हणाले.

"हो, सर."

"पदवी लांबणार."

"माहीत आहे, सर."

ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. पण ते रागावले नाहीत.

"बरं, ते उद्या बघू," ते हळूच म्हणाले. "आत्ता तिथे तुझ्याजवळ कोण आहे?"

सगळे आकडे न अडखळता सांगणाऱ्या यकृतबाईला एवढ्याचं उत्तर देता येईना. तिने फोन कानाला तसाच धरून ठेवला आणि हुंदका बाहेर पडू नये म्हणून तोंडावर हात दाबला.