पडल्या पडल्या ऐकलेलं

विमलाबाईंनी सुनेला अख्ख्या कॉलनीत आळशी ठरवून टाकलं होतं. तेजल भाकरी थापता थापता पेंगायची, बालवाडीत मुलांना गोष्ट सांगताना तिची मान पडायची, आणि शाळेतून नाशिकरोडला परत येताना बसमध्ये तर हमखास स्टॉप चुकायचा. "मीही अंगणवाडी सांभाळून संसार केला," विमलाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. "ही बघा, दिवसाढवळ्या लोळते. नाटकं सगळी."

झोपेपेक्षा वाईट दुसरंच होतं. खूप हसू आलं किंवा संताप आला, की तेजलचे गुडघेच जायचे. जबडा लोंबायचा, जीभ जड व्हायची आणि ती होती तिथे कोसळायची. म्हणून तिने हसणं सोडलं. मग विमलाबाई म्हणू लागल्या, "तोंड बघा कसं! आम्ही हिचं काय घोडं मारलंय?" संतापाचं मात्र तिला काही करता येत नव्हतं. त्या घरात तो रोजच यायचा.

शेवटी मुख्याध्यापिकांनी नोकरीवरून काढायचा दम भरला, तेव्हा तिच्या नवऱ्याने, संघर्षने, कुरकुरत रजा टाकली आणि तिला कॉलेज रोडच्या एका दवाखान्यात नेलं. डोक्याला वायरी चिकटवून तिची रात्रीची झोप तपासली, दुसऱ्या दिवशीही पुन्हा पुन्हा झोपवून पाहिलं. मग डॉक्टरबाईंनी दोघांना समोर बसवलं.

"झोप आधी हलकी असते, मग गाढ होते. तेव्हा मेंदूच्या लाटा मोठ्या आणि संथ होतात. स्वप्नांची पाळी येते ती बऱ्याच वेळाने. तेव्हा मेंदू जवळजवळ जागेपणीइतकाच चालू असतो, फक्त आपण स्वप्नात हातपाय झाडू नयेत म्हणून तो अंग सैल सोडून देतो. तेजल, तू डोळे मिटलेस की थेट स्वप्नात जातेस. आणि ते अंग सैल पडणं तुला जागेपणीही गाठतं. हसताना, चिडताना. हा आजार आहे. गोळ्यांनी बराचसा ताब्यात राहतो."

"म्हणजे नाटक नाही ना?"

"अजिबात नाही."

तेजलने संघर्षकडे पाहिलं. तो मोबाईल बघत होता.

घरी विमलाबाई दारातच उभ्या होत्या. सगळं ऐकून त्या कडाडल्या, "मेंदूचा आजार? म्हणजे बिघडलेली पोरगी लपवून आमच्या गळ्यात मारली!"

"कुणी लपवलं नाही! मला तरी कुठे..." पुढचे शब्द तोंडातच विरघळले. भिंतीवरून घसरत तेजल फरशीवर आली. डोळे मिटले.

"घ्या. झोपली महाराणी."

ती झोपली नव्हती. कुकरची शिट्टी, पंख्याची घरघर, सगळं लख्ख ऐकू येत होतं. बोट मात्र हलत नव्हतं.

"मनमाडला हिच्या बापाला फोन लाव," विमलाबाई म्हणाल्या. "आपला माल घेऊन जा म्हणावं."

संघर्ष काहीतरी बोलेल म्हणून ती वाट बघत राहिली. तो बोलला.

"लावतो. मलाही वीट आलाय, आई. त्या सटाण्याच्या पोरीला हो म्हटलं असतं तर सुटलो असतो."

हळूहळू मानेत जोर आला, मग हातांत. तेजल उभी राहिली नाही. पुन्हा पडायचं नव्हतं. भिंतीला पाठ टेकून ती बसली.

"सटाण्याची पोरगी अजून लग्नाची असेल तर विचारून बघ," ती म्हणाली.

संघर्षचा चेहरा उतरला. "तू ऐकत होतीस?"

"दर वेळी ऐकते. मागे ओट्यापाशी पडले होते, तेव्हा आईंनी मला पायाने बाजूला सारून दूध उतरवलं. तेही कळलं मला."

विमलाबाईंची नजर ढळली नाही. "बरं झालं ऐकलंस. पुन्हा सांगायचे कष्ट वाचले."

तेजलचा जबडा पुन्हा सैल पडू लागला. तिने दात आवळले. "फोन मी लावते."

दुसऱ्या दिवशी वडील येऊन तिला घेऊन गेले. मनमाडला तिने गोळ्या सुरू केल्या, आणि पुढे घटस्फोटाचा अर्जही तिनेच केला. कोर्टात विमलाबाईंनी वकिलाकरवी तिच्या आजाराचा विषय काढला, सगळ्यांसमोर, तिची मान खाली जावी म्हणून.

"काय आजार आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नार्कोलेप्सी," तेजल म्हणाली. लिहून घेणाऱ्याला नीट कळलं नाही, म्हणून तिने तो शब्द पुन्हा, तोडून तोडून सांगितला.