कोपऱ्यातला खळगा

आईच्या मातीच्या साच्यात कोपऱ्यातला एक खळगा वाकडा होता. बाटल्यांची काच कुटून ती खळग्यांत भरायची, ओडुमासे गावातल्या आमच्या अंगणातल्या भट्टीत भाजायची, आणि दर खेपेला एक मणी वाकडा निघायचा. “हा माझा,” म्हणत ती तो स्वतःच्या कमरेच्या माळेत ओवायची. ती गेली तेव्हा अख्खी माळ वाकड्या मण्यांची होती.

काल तो साचा तडकला. आज माझ्या लेकीनं, कोर्कोरनं, नवा केला. सगळे खळगे एकसारखे.

“बघ आई, आता एकही मणी वाया जायचा नाही!”

“वाया म्हणे! जा, लाकडं आण आधी.”

ती पाठमोरी झाली. माती अजून ओली होती. मी कोपऱ्यातल्या खळग्यात बोट घातलं आणि जरासं तिरकं दाबलं.