शेवटच्या रांगेतलं लिंडन

"कुंडी बादलीएवढी आणि झाड काडीएवढं. ही माणसं झाडं विकतात की माती?"

बाई नवऱ्याच्या कानात पुटपुटत होती, पण त्या कानाशेजारीच माझा कान होता. उत्तर जर्मनीतल्या अम्मरलांडात, या रोपवाटिकेत अर्धं आयुष्य गल्ल्यावर काढल्यावर असली कुरकुर मला गोडच लागते. शिवाय बाईचं म्हणणं खरं होतं. ते रोप गेल्याच आठवड्यात दोन लिटरच्या कुंडीतून दहाच्या कुंडीत गेलं होतं. त्याच्या मुळांनी नवी माती अजून हुंगलीसुद्धा नव्हती.

गेशेनेही ते ऐकलं. मालकीणबाई असूनही ती मातीने भरलेले हात एप्रनला पुसत आली आणि म्हणाली, "हे नका घेऊ. तुमचं बरोबर आहे."

मी कपाळाला हात लावला. हिने आयुष्यभर असाच धंदा केला. गिऱ्हाइकाला घ्यायचं काय यापेक्षा घ्यायचं नाही काय, हे आधी सांगणार. त्या दोघांना तिने शेजारचं रोप कुंडीतून अलगद उपडं करून दाखवलं. उंचीवर जाऊ नका, कुंडीवरही जाऊ नका, खाली बघा म्हणाली. पांढरी मुळं मातीच्या कडेला पोहोचलेली असली की झाड न्यायला तयार झालं. आणि तीच मुळं गोल गोल फिरू लागली, की समजायचं त्याला इथे फार दिवस झाले.

शेवटचं वाक्य बोलताना तिची नजर मागच्या रांगेकडे गेली. मी उगाच कात्री पुसली.

तो आमचा शेवटचाच शरद ऋतू होता. आयलर्टचे, म्हणजे गेशेच्या नवऱ्याचे, गुडघे गेले होते आणि नव्या वर्षापासून जमीन शेजारचा रेन्के कसणार होता. एकेक रांग रिकामी होत चालली होती. ज्याला त्याला चिठ्ठी होती, भाव होता. एका झाडाला तेवढी नव्हती.

नेमकं तेच त्या बाईला दिसलं. त्यांनी नवं घर बांधलं होतं, त्यांना दारचं झाड हवं होतं, आणि पुढच्या उन्हाळ्यात सावलीत पाळणा ठेवायचा होता. ती पोटावर हात ठेवून अगदी मागे, पाटाच्या कडेच्या लिंडनच्या मोठ्या झाडाकडे बघत होती.

"ते द्या ना."

"ते ठेवलेलं आहे," गेशे म्हणाली.

"कुणासाठी?"

गेशेला एकदम कुठलं तरी तण दिसलं आणि ती उपटायला वाकली. "ते ओन्नोचं," मी म्हटलं. कुणी विचारलं की मी एवढंच सांगत आले होते.

ओन्नो त्यांचा एकुलता एक. आमच्याकडे मुलाने घर बांधलं की दारचं झाड बापाने द्यायचं असतं. बाप रोपवाटिकेवाला असला की पोरगं आधीच निवडून ठेवतं. ओन्नो गाडी चालवायला शिकला त्या वर्षी त्याने दोन लिटरच्या कुंडीतलं, बोटाएवढ्या खोडाचं लिंडन निवडलं आणि घरामागच्या तुकड्यात स्वतःच्या घराची जागा पावलांनी मोजली. मग तो एका वर्षासाठी कॅनडाला गेला, लाकडाच्या कारखान्यात.

झाड काही थांबत नाही. आयलर्टने ते पाच लिटरच्या कुंडीत हलवलं, मग पंधराच्या, मग पस्तिसाच्या. ओन्नोचा फोन नाताळला आणि ईस्टरला यायचा. शेवटी झाड सत्तरच्या प्लास्टिकच्या कुंडीत गेलं. त्यापुढची कुंडी आमच्या गोदामात नाही. झाड कुंडीत मुरवू नका, घरी नेल्या नेल्या जमिनीत लावा, असं जगाला सांगणाऱ्या त्या दोघांना हे कुणी बोललं नाही. मीही नाही. मी दर वसंतात म्हणायचे, "छान वाढलंय हं." रेन्केने एकदा मला विचारलं होतं, त्या लिंडनचं काय करायचं म्हणून. मी म्हटलं, ते ओन्नोचं. तो "हं" म्हणाला आणि पाटातल्या पाण्याकडे बघत राहिला.

त्या बाईचा नवरा शिकलेला धडा लगेच वापरणारा निघाला. नुसती मुळं बघतो, म्हणून त्याने त्या मोठ्या कुंडीला हात घातला. कुंडी हलेना. त्याने खांदा लावला. तरी हलेना. मग त्याने गुडघे टेकून खाली पाहिलं आणि म्हणाला, "अहो, हे तर जमिनीत गेलंय."

बुडाच्या भोकांतून मनगटाएवढी मुळं बाहेर पडून, तण येऊ नये म्हणून खाली अंथरलेलं काळं कापड फाडून, पाटाच्या ओल्या मातीत शिरली होती.

गेशे तण हातात धरून उभी राहिली. मग तिने त्या दोघांना पुढच्या रांगेतलं पाच लिटरचं लिंडन काढून दिलं. बाईचा चेहरा उतरला. मोठं झाड हलवलं की वर्षं वर्षं रुसून बसतं, गेशेने समजावलं, लहान त्याला गाठतं आणि मागे टाकतं. "पाळण्याला सावली नाही द्यायचं ते. पण झोपाळ्याला देईल." तेव्हा कुठे बाई हसली.

त्यांची गाडी गेली आणि आयलर्ट कुदळ घेऊन आला. त्याने लांबून सगळं पाहिलं होतं. खालून मुळं कापतो म्हणाला, रेन्केची ट्रॉली आणू, उद्या घरामागे हलवून ठेवू, रेन्केची माणसं इथे यायच्या आत. एवढं लांबलचक तो वर्षभरात बोलला नव्हता. मला म्हणाला, "विबके, जरा कुंडी खालून घट्ट धर."

मी धरली. माझ्या हाताला खालची माती लागत होती, गार.

"मुळं नको," गेशे म्हणाली. "कुंडी काप."

आयलर्ट हसल्यासारखा झाला. "कुंडी कापली तर ते इथलंच झालं."

"इथलंच झालंय ते. रेन्केला मी सांगते. कडेला आहे, त्याला अडचण नाही व्हायची."

"अगं, पण मग न्यायचं कसं? तो आला म्हणजे—"

तो कुदळीची माती अंगठ्याने खरवडू लागला. मी कुंडी धरूनच होते. कुणी काही बोललं की आपण म्हणायचं, छान वाढलंय हं, अशी माझी तयारीही होती.

गेशेने खिशातली कलमाची सुरी काढली, उघडली आणि दांड्याकडून नवऱ्यापुढे धरली.

"त्याने तिकडे कॅनडात स्वतःच्या दारात मेपलचं झाड लावलंय, आयलर्ट. ईस्टरला फोनवर सांगितलं मला." तिचा आवाज मघाशी गिऱ्हाइकाला सांगताना होता तसाच होता. "ओन्नो येणार नाही."