अण्णांचा साहेब

आमच्या घरात ‘साहेब’ म्हटलं की एकच माणूस: विज्ञानकथा लिहून कधीच मरून गेलेला एक इंग्रज कादंबरीकार. मल्लेश्वरमच्या या घरात त्याला जावयापेक्षा जास्त मान. माझे वडील, म्हणजे अण्णा, त्याची एक कादंबरी दर वर्षी वाचतात. चंद्र पृथ्वीकडे सरकू लागतो, समुद्र चढतो, इंग्लंड बुडत जातं, आणि दीपगृहाचा राखणदार पलीकडच्या बेटावर अडकलेल्या बायकोला रोज दिव्याने खूण करत राहतो, अशी ती गोष्ट. मी ती वाचलेली नाही. मुद्दाम. ज्या पुस्तकाने माझं डोकं उठवलं ते मी कशाला वाचू?

त्या कादंबरीवर निघालेला प्रत्येक सिनेमा मला अण्णांच्या शेजारी बसून पाहावा लागलाय. जुन्या काळ्यापांढऱ्या सिनेमात राखणदाराच्या गळ्यात एक तरुण नटी बांधली होती. भाड्याने आणलेली ती कॅसेट अण्णांनी दुकानदाराच्या टेबलावर आपटली. मी दहावीत असताना आलेल्या अमेरिकन सिनेमात तर चंद्रच बॉम्बने उडवला. अण्णा भर थिएटरात उठून उभे राहिले आणि पडद्याला इंग्रजीतून शिव्या देऊ लागले. मी तोंडावर ओढणी घेऊन, हा माणूस माझा कुणी नाही, असा चेहरा करून बसले.

आता आठ भागांची मालिका आली. बनशंकरीत दर रविवारी वाचकमंडळ भरवणाऱ्या श्रीरंगने अण्णांना तिच्यावर बोलायला बोलावलं. झालं! मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दहा दिवस झालेले, डॉक्टरांनी वाचायचं नाही म्हणून बजावलेलं, आणि हे सकाळी उठल्यापासून टीव्हीसमोर. ऑफिसचं काम सोडून चार-चार तासांनी डोळ्यांत थेंब घालायला मी आहेच.

नवल म्हणजे सात भाग त्यांना पसंत पडले. आठव्यात राखणदार दिवा लावतो, पलीकडचं बेट काळंच राहतं, आणि मालिका संपते. रिमोट माझ्या कानाजवळून गेला.

“गाढवं! तिकडून दिवा दिसतो! तीन वेळा दिसतो! शेवटच खाल्ला यांनी!”

“अण्णा, स्वल्प हळू. डोळ्यावर ताण येईल.”

“डोळा गेला खड्ड्यात! सुप्रीता, पुस्तक काढ. शेवटचं प्रकरण वाचून दाखव. रविवारी साहेबाची वाक्यंच यांच्या तोंडावर मारतो.”

“ते प्रकरण तुम्ही कधी वाचत नाही ना?”

हे आणखी एक खूळ. अण्णा नऊ वर्षांचे असताना त्यांना इंग्रजी धड येत नव्हतं. त्यांचे वडील, आमचे अप्पा, सरकारी कचेरीत कारकून. ते संध्याकाळी पुस्तक मांडीवर घेऊन घरच्या मराठीत ही गोष्ट सांगायचे. पुढे अण्णांनी तेच पुस्तक पन्नासेक वेळा वाचलं असेल, पण शेवटच्या प्रकरणाशी येऊन मिटून ठेवायचे. तो शेवट अप्पांच्या आवाजात कानात आहे, तो तसाच राहू दे, असं म्हणायचे.

“आता गरज पडलीय,” अण्णा म्हणाले. “वाच.”

मी वाचलं. राखणदार दिवा पुसतो, लावतो, वाट पाहतो. पहाट होते. तो पुन्हा तेल भरायला लागतो. मी थांबले.

“पुढे?”

“संपलं, अण्णा.”

“पान उलट की.”

“पुढे प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची यादी आहे.”

खोटं कशाला बोलू, मला आधी बरंच वाटलं. तीस वर्षं ‘पुस्तकात असं नाही’ हे ऐकून माझे कान किटलेत. पुस्तकाशी इमान राखणारी एकच मालिका निघाली, आणि तिच्यावरच हे उखडले. मला हसूही आलं. मग अण्णांनी माझ्या हातातून पुस्तक ओढून घेतलं, ऑपरेशन न झालेला डोळा पानाला चिकटवला आणि ओळीवर बोट फिरवू लागले. एकदा. पुन्हा एकदा.

“चौसष्ट साल,” ते म्हणाले. “जूनमध्ये आई गेली. ही गोष्ट अप्पांनी दिवाळीच्या सुमाराला सांगितली.”

आजी अण्णांच्या लहानपणीच गेली हे मला ठाऊक होतं. ती कुठल्या साली गेली हे मी कधी विचारलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

“तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बदलला असेल त्यांनी,” मी म्हणाले.

“ते कळलं गं! मी काय मूर्ख आहे?” अण्णा खेकसले. तेवढं खेकसणं ऐकून मला जरा धीर आला.

“श्रीरंगला कळवू का, तब्येत बरी नाही म्हणून?”

“काही नको. बोलेन मी. मालिका बरोबर आहे म्हणून सांगेन.”

मी थेंबांची बाटली उघडली. अण्णांनी हाताने थांबवलं. पुस्तक अजून उघडंच होतं.

“अप्पा तेव्हा छत्तीस वर्षांचे होते, सुप्रीता. तुझ्याहून लहान. मला त्यांनी दिवा दाखवला, आणि हे पान एकट्याने वाचलं.”