रांगेत ठेवलेला वरवंटा

मी वरवंटा बोलतोय. दगडाला तोंड कुठून फुटलं असं विचाराल, तर ते तुम्हा माणसांनीच फोडलं. आयुष्यभर मिरच्या, लसूण, सुकं खोबरं, भिजवलेली डाळ मुकाट्याने वाटली, चकार शब्द काढला नाही. पण एका वर्षी मला घरातून उचलून कर्जतच्या बाजारात, स्वस्त दुकानाच्या पायरीसमोर, धुळीत नेऊन बसवलं. तेव्हा जे माझं डोकं फिरलं, ते अजून ठिकाणावर आलेलं नाही.

माझा जन्म खालापूरच्या रस्त्याकडेच्या खाणीतला. नामा पाथरवटाने एका काळ्या दगडातून पाटा काढला आणि त्याच दगडाच्या उरलेल्या तुकड्यातून मला घडवलं. म्हणजे पाटा आणि मी एकाच अंगाचे. तो रुंद आणि शांत, जागा न सोडणारा. मी फिरता आणि तापट. भिसेगावच्या अंबाबाईला तिच्या बापाने लग्नात आम्हाला दिलं. अंबाबाई तेव्हा एवढीशी होती. मला दोन्ही हातांनी उचलताना तिची जीभ दातांत यायची. पुढे तिचा हात असा बसला की, मी नुसता तिच्या मनात येईल तसा फिरायचो.

वाटणं हे माझं रोजचं काम, पण माझा खरा मान वेगळा. घरात मूल जन्मलं की पाचवीला पूजा आमची होते. बारशाच्या दिवशी मला न्हाऊ घालतात, तेल लावतात, कुंकू लावतात, बाळाची कुंची माझ्या डोक्यावर चढवतात. मग दोघी बायका पाळण्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून मला खालून-वरून एकमेकींच्या हाती देतात आणि पाळण्यात पहिल्यांदा मला निजवतात. बाळ माझ्यानंतर. का, ते मला कोणी सांगितलं नाही. मी मात्र माझ्यापुरतं ठरवून टाकलं आहे की, पुढे येणारं सगळं वाईट आधी मी अंगावर घ्यायचं आणि मागून येणाऱ्याने दगडासारखं टिकायचं. अंबाबाईचा सहदेव असाच माझ्या मागून पाळण्यात गेला आणि चांगला धडधाकट झाला.

सहदेवाच्या बायकोचं, जयवंताचं, तसं झालं नाही. तिची पहिली दोन मुलं बारशापर्यंत पोचलीच नाहीत. दुसऱ्या वेळी तर मला घासून, तेल लावून कोपऱ्यात तयार ठेवलं होतं. अंबाबाईने कुंची घडी करून पेटीत टाकली आणि मला पुन्हा पाट्यावर ठेवलं. त्या दिवशीची चटणी कोणी खाल्ली नाही. म्हणून जयवंताला तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा अंबाबाईने मनाशी पक्कं केलं की, हे मूल बाराव्या दिवसापर्यंत आलं तर साऱ्या आळीला हरभऱ्याच्या घुगऱ्या आणि गूळ वाटायचा.

आता ठरवणं सोपं होतं. पण ते साल कसलं, तर लढाई संपली तरी महागाई संपेना. बाजारात हरभऱ्याचा भाव ऐकून माणसं नुसती पुढे चालायला लागत. अशा वेळी मुंबईहून आलेल्या एका शेठने स्टेशनच्या वाटेवर दुकान थाटलं आणि दवंडी पिटवली की, इथे सगळा माल बाजारापेक्षा स्वस्त. शेठ स्वतः कोणाला कधी दिसला नाही. दिसायचा तो त्याचा दिवाणजी, भिवाजी. त्याचे नियम पायरीवर पाय ठेवायच्या आतच कानावर पडत. उधारी नाही. घासाघीस नाही. माल हातात घेऊन बघायचा नाही. नेलेला माल परत नाही. घासाघीस नाही म्हटल्यावर निम्म्या बायकांचा जीव तिथेच गुदमरला. भाव पाडल्याशिवाय काही घेतलं असं त्यांना वाटतच नसे.

दुकान उघडायची वेळ मात्र भिवाजीने कधीच कोणाला सांगितली नाही. रेल्वेच्या वाघिणीतून माल उतरला, त्याचा चहा झाला, त्याच्या मनात आलं, की दार उघडायचं. तोवर कामंधामं सोडून कोण उभं राहणार? म्हणून लोक आपल्या जागी दगड ठेवून जाऊ लागले. कोणी फुटकी घागर, कोणी तुटकी वहाण. सकाळी बघाल तर माणूस एक नाही आणि रांग पार वडाच्या झाडापर्यंत.

आता दगड दगडासारखाच असणार. दार उघडलं की भांडणं. अंबाबाईचा दगड एकदा कोणीतरी वडाखाली फेकून दिला आणि वर तिलाच विचारलं की, यातला तुझा कुठला ते दाखव. तिला दाखवता येईना. ती रिकामी पिशवी घेऊन घरी आली आणि थेट मला पाट्यावरून उचललं.

सहदेव म्हणाला, "आये, घरातला वरवंटा कोन बाजारात नेतं का?"

"ह्याला कोन आपला म्हनतो, ते बघायचंय मला," अंबाबाई म्हणाली.

माझं काय म्हणणं होतं ते कोणी विचारलं नाही. मला रांगेत ठेवलं. पुढे फुटकी घागर, मागे एक ओबडधोबड दगड. तो दगड कोंडाणे गावाच्या वरच्या ठाकरवाडीतल्या भागीचा. ती मिठासाठी डोंगर उतरून यायची आणि तिचा दगड तर रोजच उडवला जायचा, कारण वाडीवरची बाई भांडून भांडून किती भांडणार, असा बाजारातल्यांचा हिशेब. अंबाबाईने ते पाहिलं आणि भागीला म्हणाली, "तुझा धोंडा ह्याला चिकटवून ठेव गं. वरवंट्याला कोन लाथ मारायचा नाय." आणि खरंच कोणी मारली नाही. पाटा-वरवंट्याला पाय लागला तर माणसं अजून नमस्कार करतात. एवढा एकच गुण मला त्या रांगेत दिसला.

बाकी जे दिसलं ते सांगताना आजही मला चीड येते. एकदा अंबाबाईचा नंबर लागेस्तोवर तांदूळ संपला. पुढच्या वेळी तांदूळ होता, पण भिवाजी म्हणाला, तांदूळ हवा तर बरोबर कुळीथ घ्यावेच लागतील. कुळीथ कसले, निम्मे भुंग्यांनी पोखरलेले. तांदूळही वरून पांढराशुभ्र आणि खाली कणी नि खडे. माझी सगळी लहान भावंडं त्या पोत्यात होती म्हणा ना. अंबाबाई तो परत घेऊन गेली तेव्हा भिवाजी तिच्याकडे न बघताच म्हणाला, "स्वस्त पण पाहिजे आणि चांगलं पण पाहिजे?" मागे रांगेत उभे असलेले लोक हसले. त्यांच्याही पिशवीत थोड्या वेळाने तेच खडे पडणार होते.

आणि घरी? घरचं सगळं मला पाट्याने नंतर सांगितलं. तो रिकामा पडलेला. जयवंता नदीतल्या गोट्याने मिरच्या ठेचायची. सहदेव जेवताना ताट ढकलून म्हणायचा, वरवंटा बाजारात आणि कुळीथ घरात, अशी खरेदी मी कुठं बघितली नाही. अंबाबाई त्या दुकानाला रोज शिव्याशाप द्यायची. आणि दिव्याची वात सारखी करता करता मनात म्हणायची, उद्या जरा लवकर गेलं पाहिजे. ही तुमची जात मला कधी कळली नाही. ज्या दारात अपमान होतो, त्याच दारात तुम्ही पुन्हा जाता, कारण तिथे स्वस्त आहे.

मग जयवंता बाळंत झाली. मुलगी. पाचवीला मला घरी नेलं, पूजा झाली, लगेच पुन्हा रांगेत आणून ठेवलं. मुलगी रडायची जोरात, प्यायची जोरात. एकेक दिवस अंबाबाई बोटांवर मोजत होती. बारशाच्या आदल्या दिवशी भिवाजीने जाहीर केलं की, उद्या सकाळी हरभरे आणि गूळ येतोय. अंबाबाईच्या चेहऱ्यावर मी त्या वर्षात पहिल्यांदा हसू पाहिलं.

सकाळी ती मला ठेवून बाळ-बाळंतिणीच्या न्हाणीला घरी गेली. वाटलं होतं, दार लवकर उघडेल, माल घ्यायचा आणि मला घेऊन यायचं. पण दार उघडेचना. उन्हं वर आली, हरभऱ्याच्या वासाने सारा तालुका लोटला. शेवटी भिवाजीने दार किलकिलं केलं. गर्दी अशी रेटली की दार त्याच्या नाकावर आलं. त्याने बाहेर हात घातला, जवळ जो जड दगड लागला तो उचलला आणि आतून दाराला लावला. तो दगड म्हणजे मी. आता दार एक माणूस कसाबसा आत शिरेल एवढंच उघडत होतं. बाहेर सारे रेटत होते आणि सगळ्यांचा भार माझ्या पाठीवर. मी कोणाच्या बाजूने आहे, हे मलाच कळेना.

तिकडे भिसेगावात पाळणा टांगला. आळीतल्या बायका जमल्या. कोणीतरी म्हणालं, वरवंटा आणा. अंबाबाई पाट्यापाशी गेली आणि रिकामा पाटा बघून जागीच बसली. घुगऱ्यांसाठी ज्याला तिने बाहेर ठेवलं होतं, त्याच्याशिवाय पाळणा हलणार नव्हता. दुसरा वरवंटा आळीत मिळाला असता. एक शेजारीण तसं म्हणालीही. पण ज्याच्या मागून सहदेव जगला तोच हवा, असं अंबाबाईच्या मनाने घेतलं होतं. दोनदा हरलेल्या बाईशी कोण वाद घालणार?

ती तशीच, डोक्यावरचा पदर सावरत, धावत आली. रांगेत मी नाही. मी नाही म्हणजे तिची जागाही नाही. लोकांनी तिला मागे हटवलं. ती दाराच्या फटीशी तोंड नेऊन म्हणाली, "मला हरभरं नकोत, गूळ नको. माझा वरवंटा तेवढा द्या. घरी पाळणा खोळंबलाय."

भिवाजीला वाटलं, आत घुसायची ही नवी युक्ती. "आत आलेली वस्तू दुकानाची," तो म्हणाला. "दुकान बंद झाल्यावर बघू."

त्याच वेळी आत भागी होती. माझ्यामागचा नंबर तिचाच. तिच्या टोपलीत मीठ पडलं होतं. तिने फटीतून अंबाबाईचं तोंड पाहिलं, मग दाराशी वाकून मला पाहिलं. वाकली, मला दोन्ही हातांनी ओढून काढलं आणि मिठावर ठेवलं.

पुढचं सांगायला नकोच. टेकण निघाल्याबरोबर दार सताड उघडलं आणि सगळा बाजार आत शिरला. भिवाजी पोत्यावर चढून ओरडत राहिला. न बघायचा माल लोकांनी ओंजळीत घेऊन बघितला. घासाघीस तर अशी झाली म्हणता! माझं मन इतकं निवालं की काय सांगू.

अंबाबाईपुढे हरभऱ्याचं पोतं हाताच्या अंतरावर उघडं होतं. इतके महिने जिच्यासाठी मला धुळीत बसवलं ती घडी ही. ती एक क्षण थांबली, ते मी पाहिलं. मग तिने भागीच्या टोपलीतून मला उचललं, पदरात घेतलं आणि पाठ फिरवली. जाता जाता भागीला म्हणाली, "चल गं, बारशाला चल."

माझ्या अंगाला मीठ लागलं होतं. ते धुऊन मला कुंची घातली. बायकांच्या हातातून मी खाली-वर गेलो, पाळण्यात निजलो. मग मला काढलं आणि माझ्या उबेच्या जागी ती मुलगी ठेवली. दगडाला ऊब कसली म्हणाल. त्या दिवशी होती. नाव ठेवलं चिमा.

आणि घुगऱ्या? घरात कुळथांची मडकी भरलेली होती. अंबाबाईने ते निवडले, शिजवले आणि द्रोणात वाढले. पहिल्या घासालाच एकीच्या दाताखाली खडा आला. ती म्हणाली, हे कुळीथ ओळखीचे दिसतात. झालं. मग दुसरीचा तांदूळ, तिसरीचं खवट तेल, पाळणा म्हणायचा राहिला आणि सगळ्या भिवाजीच्या नावाने बोटं मोडत बसल्या. भागीने मात्र द्रोण संपवला. तिच्या घरी तेच होते.

आता मी पार झिजलोय. मध्ये बारीक झालोय. ते दुकान कधीच बंद झालं. भिवाजी कुठे गेला, ठाऊक नाही. चिमा लग्न होऊन सासरी गेली आणि आता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. परवा तिला मुलगा झाला. आणि याच आठवड्यात स्टेशनच्या वाटेवर नवं दुकान निघालंय. बाजारापेक्षा स्वस्त, असं म्हणतात.

अंबाबाई आता वाकली आहे. तिने ते ऐकलं आणि तिची नजर हळूच माझ्याकडे वळली. माझ्या काळजाचं पाणी झालं. पण चिमाने पाटा-वरवंटा दोन्ही बाजेखाली सरकवले आणि म्हणाली, "ह्याला हात नाय लावायचा गं आजे. ह्याला मी पाळण्यात ठेवनार हाय."

म्हातारी मात्र पहाटे उठून पिशवी घेऊन गेली. पणतवाच्या घुगऱ्यांना हरभरे हवेत ना. दगड नाही, घागर नाही, आता रांगेत माझ्या जागी ती स्वतःच बसते, गुडघ्यांवर हनुवटी टेकून.

तुम्ही त्या वाटेने गेलात, तर एवढं करा. वडाच्या बाजूला एक काळी, झिजलेली, मध्ये बारीक झालेली म्हातारी दिसेल. तिला ढकलू नका. कोणी विचारलं, ही कोणाची, तर माझी म्हणून सांगा. आणि दार उघडायला उशीर झाला तर तिला म्हणावं, हरभरे राहू देत, कुळीथ आहेत घरात. पाळणा टांगायचाय. मला उचलायला तिचेच हात लागतात.