भाव हा आपला विषय नाही

थोरल्या बहिणीच्या, अक्कांच्या, त्या जुन्या पत्राला मामांनी उत्तर पाठवलं नव्हतं. घरात हा विषय कुणी काढत नसे, पण विसरलंही कुणी नव्हतं. जुनं तेलक्षेत्र कंपनी पुन्हा उभं करतेय, पोराला तिथे नोकरी लागतेय, दुसरीही एक चांगली हातात आहे, असं अक्कांनी लिहिलं होतं. हिशेब तुझ्याच टेबलावर झालाय म्हणतात, तर त्याने कुठे जावं ते कळव.

मामांना असं सरळ सांगणं जन्मात जमलं नव्हतं. जमिनीखाली तेलाचं तळं नसतं. विटेत पाणी मुरावं तसं ते खडकात मुरलेलं असतं. मामा संगणकावर त्या खडकाचं मॉडेल बांधत आणि गेल्या कित्येक वर्षांत कुठल्या विहिरीने किती तेल दिलं, किती पाणी ओकलं, ते त्यात जुळेपर्यंत झटत. जुळलं तरी त्यांचा विश्वास बसत नसे. ऑफिसात त्यांचं नावच 'बहुधा' पडलं होतं. 'बहुधा आले का?' 'बहुधा आले.' मामाही कसंनुसं हसत.

मॉडेलचं म्हणणं होतं, खाली पाणी सोडून रेटलं तर अडकलेलं तेल बरंच निघेल. पण तेलाबरोबर पाणीच जास्त येणार, आणि ते उपसण्याचा खर्च तेलाचा भाव चढा असेल तरच निघणार. भाव पडला तर चौथ्या वर्षी टाळं. हा तक्ता अहवालाच्या पार शेवटी गेला. मामांनी भीत भीत साहेबांकडे विषय काढला. साहेब म्हणाले, ''तुम्ही तेलाचं बघा. भाव हा आपला विषय नाही.'' भावाचा हिशेब करणारा म्हणाला, खडकातलं आम्हाला काय कळतंय. मामांना दोघांचंही पटलं, कारण पटवून घेणं सोयीचं होतं. पत्र खणात गेलं. काही वाईट असतं तर धाकटा भाऊ बोलला असता, असं अक्कांनी धरलं आणि पोराला तिकडे धाडलं.

भाव पडला. टाळं लागलं.

आता तोच भाचा समोर बसला होता. केस विरळ झालेले, हातात नव्या कंपनीची माहितीपुस्तिका.

''तेल आलं की नाही सांगितल्याप्रमाणे?'' मामा चाचरत म्हणाले. ''मॉडेल चुकलं नव्हतं.''

''नाहीच चुकलं. मॉडेल बरोबर, साहेब बरोबर, तुम्ही बरोबर. चुकलो तो मी एकटा.''

मामींनी कपबशी जरा जोरातच ठेवली.

ते क्षेत्र एका छोट्या कंपनीने घेतलं होतं. बंद विहिरी उघडणार होत्या. भाचा गोदामातली नोकरी सोडून तिथे रुजू होणार होता. मामांनी पुस्तिका चाळली. आलेख बघताच ओळखला. त्यांचाच होता, रंग तेवढे नवे. भावाची रेघ मात्र सरळ वर चढत गेली होती, जणू खाली यायची वाट तिला ठाऊकच नव्हती.

''आईला विचारलंस?''

''ती म्हणाली, कर मनाला येईल ते. फक्त मामाला विचारू नकोस. तो सांगणार नाही आणि तू वाट बघत बसशील.''

मामांना 'नको जाऊस' म्हणायचं होतं. ''यात पाणी फार...'' एवढंच तोंडातून निघालं. भाच्याने चहा संपवला आणि येतो म्हणून निघून गेला.

''आता तरी बोलायचं,'' मामी म्हणाल्या.

''आणि भाव वर गेला तर? पोराच्या ताटात माती कालवली असं होईल.''

''तर शिव्या खा. शिव्यांनी कुणी मरत नाही.''

मामा टेबलाशी बसले. तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं, 'अक्का, त्याला तिकडे जाऊ देऊ नकोस. तेल आहे, पण ते काढणं परवडणार नाही. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.' शेवटचं वाक्य खोडायला पेन टेकवलं, पण खोडलं नाही. भाचा थांबेल की नाही, कोण जाणे. अक्का मात्र आपल्याला पुन्हा दारात उभं करणार नाहीत, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

मामी सोबत यायला चपला शोधत होत्या, तोवर मामा एकटेच कोपऱ्यापर्यंत गेले, आणि पाकीट पेटीत टाकलं.