डाव्या चाकातले सासरे

“सुटलं! सुटलं!” अंगणात एकच गलका झाला. कुंपणावर चढलेले दोघे-तिघे घाईघाईने खाली उतरले. शेजारच्या न्हाव्याने तर कानटोपी काढून हातच जोडले. पहाटेपासून जागचं न हललेलं ट्रॅक्टरचं डावं चाक ‘टक्’ करून मोकळं झालं होतं, आणि शेगडीबाबांनी हा चमत्कार सलग तिसऱ्या दिवशी करून दाखवला होता.

हे बाबा थंडी पडली तसे गावात उगवले होते. पेटत्या कोळशांची शेगडी बगलेतल्या बाळासारखी सदा जवळ, म्हणून हे नाव. पद्धत ठरलेली. शेगडी चाकाच्या आतल्या बाजूला, ब्रेकच्या लोखंडी डब्याखाली सरकवायची, आपण अंगणातल्या लाकडी ठोकळ्यावर बूड टेकायचं आणि डोळे मिटून पुटपुटायचं. मधूनच गर्जना: “सोड! पाय उचल! कोळसा साक्षी, धूर साक्षी, सोड म्हणतो ना!” अर्ध्या तासाने घरच्या सूनबाईने गाडी हलवून बघायची, की चाक फिरलंच.

“गेलेला म्हातारा ब्रेकवर पाय देऊन बसलाय,” बाबांनी निकाल दिला. “तीस वर्षं त्याने ही गाडी चालवली. आता त्याच्या जागेवर सून बसते, ते त्याला खपत नाही. उद्या शेवटची शांत करू. मग ट्रॅक्टर थंडीभर माझ्या आश्रमात ठेवा. तिथे निवळेल.”

निवळेल कोण, म्हातारा की ट्रॅक्टर, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. सासूबाईंनी शालीत तोंड लपवलं. तीन दिवस त्या धड जेवल्या नव्हत्या. चाकाजवळ उभ्या राहून म्हणत, “अहो, सोडा की आता! पोरीवर कसला राग?”

सूनबाईला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला. गेल्या उन्हाळ्यात सासरे गेले. तिला हा ट्रॅक्टर चालवायला शिकवला होता तो त्यांनीच. नवऱ्याने एकदा हौसेने चालवला, तेव्हा गोठ्याची भिंत आडवी झाली होती. ट्रॅक्टर गेला की शेत तिच्या हातून गेलं, आणि वर सासऱ्यांची नावडती हा शिक्का कायमचा.

“अहो,” दुपारी ती नवऱ्याला म्हणाली, “मामंजींना माझा एवढा राग, तर ते दुपारी का येत नाहीत? संध्याकाळी का नाही? आणि उजव्या चाकाने त्यांचं काय घोडं मारलंय?”

“म्हाताऱ्या माणसाच्या वेळा ठरलेल्या असतात,” नवरा म्हणाला. ती पाना घेऊन गाडीखाली शिरली. डाव्या ब्रेकच्या डब्यात जिथून दांडी आत जाते, तिथली रबरी टोपी फाटली होती. म्हणजे पाणी सरळ आत. पण पाणी येतं कुठून?

संध्याकाळी उत्तर आपणहून चालत आलं. सासूबाई पाइप घेऊन ट्रॅक्टर धुवायला लागल्या. डावी बाजू तर मन लावून, कारण सासरे तिकडून चढत.

“हे रोज धुवायचे,” त्या म्हणाल्या. “मी एवढं तरी करते.”

“आई, धुऊन झाल्यावर मामंजी काय करायचे?”

“अंगणात फेऱ्या मारायचे, ब्रेक दाबत दाबत. मी हसायचे, धुतलेली गाडी परत कशाला मळवता? आणि थंडीत हँडब्रेक ओढायचेच नाहीत. चाकाला तो ठोकळा लावायचे.”

“कुठला ठोकळा?”

सासूबाईंनी बोट दाखवलं. बाबांचं आसन! त्याची एक बाजू टायरच्या आकाराची झिजली होती.

सूनबाईला हसू आवरेना. “आई, आज मी सांगते तसं कराल? उद्या खरं काय ते तुमच्या डोळ्यांनी बघा.” सासूबाईंनी उजेडाला बॅटरी धरली. सुनेने डाव्या ब्रेकचा डबा उघडून पुसून कोरडा केला, उजव्याची टोपी सैल करून आत तांब्याभर पाणी सोडलं आणि हँडब्रेक ओढला. रात्री डबक्यांवर बर्फ धरला.

सकाळी बाबांनी सवयीने डाव्या चाकाखाली शेगडी सरकवली. धूर साक्षी, कोळसा साक्षी, सगळं यथासांग झालं. “सोडलं!” बाबा गरजले. सूनबाईने क्लच सोडला. डावं चाक जागच्या जागी गरगरलं आणि बाबांच्या अंगावर चिखल उडाला. ट्रॅक्टर तसूभर हलला नाही.

“बाबा,” न्हावी ओरडला, “म्हातारा तर इकडे उजवीकडे बसलाय!”

“त्याने... त्याने पाय बदलला!” बाबा म्हणाले.

“मग इकडची शांत मी करते,” म्हणत सूनबाईने चिमट्याने शेगडी उजवीकडे नेली, ठोकळ्यावर बसली आणि डोळे मिटून मोठ्याने म्हणू लागली, “साबण, मीठ, काड्यापेटी, दोन बल्ब, एक झाडू...” घरात काय काय संपलंय याची यादी तिने अर्धा तास घोळवली. गर्दी आधी खुसखुसली, मग पोट धरून हसली. आणि ‘टक्’! उजवं चाक सुटलं.

“झाडूला घाबरले वाटतं मामंजी,” ती उठली. “हँडब्रेक ओढलेला असताना आत पाणी गोठलं की ब्रेक डब्याला चिकटतो. शेगडीने बर्फ वितळतो. कोळशाला मंत्र लागत नाही. पण शेगडीचा नाद आता पुरे. टायर जळायचा एखाद्या दिवशी. नवी टोपी बसवते, बाकी मामंजींनी ठरवून दिलंच आहे. फेऱ्या मारून ब्रेक सुकवायचा, आणि हँडब्रेकऐवजी हा ठोकळा.” तिने सगळ्यांना ठोकळ्याची झिजलेली बाजू दाखवली. तेवढ्यात बाबा कधी सटकले ते कळलंच नाही. शेगडी मात्र राहिली.

सासूबाई पुढे आल्या. डोळे वाहत होते, पण आवाज खणखणीत होता. “माझा माणूस जिवंतपणी कुणाच्या आड आला नाही. त्याच्यावर हा आळ घेतला, आणि मीसुद्धा तो मानला. पुन्हा कुणाचं काही अडलं तर आधी ते उघडून बघा. गेलेल्या माणसाला मधे ओढू नका.”

संध्याकाळी ट्रॅक्टर धुऊन झाल्यावर सूनबाईने ब्रेक दाबत दाबत अंगणात फेऱ्या मारल्या. शेवटी सासूबाईंनी ठोकळा उचलला, चाकाखाली नीट सरकवला आणि पोटभर जेवायला आत गेल्या.